इन्व्हरकार्गिलचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्या शहापुरात कुणी कुणाला विचारत बसत नाही. सातवा लागला की लेक माहेरी येते. पण माझी लेक राहते न्यूझीलंडच्या पार खालच्या टोकाला, इन्व्हरकार्गिल नावाच्या गावात, आणि सातव्यात तिचं ब्लडप्रेशर असं चढलं की तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायचीच मनाई केली. म्हणजे आता माहेरानंच उठून तिच्याकडं जायचं. आणि माहेर म्हणजे कोण? तिची आई जाऊन पाच वर्षं झाली. विहीणबाई निपाणीत अंथरुणाला खिळलेल्या. उरलो मी, जन्मभर माग चालवलेला बाप, आणि येळ्ळूरची माझी थोरली बहीण, आमची आक्का.

आक्कानं जावं असंच सगळ्यांनी धरून चाललं होतं. भावकीतली निम्मी बाळंतपणं तिच्या हातची. पण विमानाचं नाव काढल्याबरोबर तिनं हात झटकले. "समुद्रावरनं जायाचं? मारतोस काय रं मला? आणि माझ्या म्हशी कोण बघणार?"

"बरं, मग मी जातो," मी म्हटलं.

त्यावर ती जी उसळली! "गड्यानं बाळंतपण करायचं? लोकं तोंडात शेण घालतील तुझ्या."

माझंही डोकं फिरलं. "तू जात न्हाईस आणि मलाबी जाऊ देत न्हाईस. जावई रात्रपाळीला कारखान्यात. त्या पोरीनं एकटीनं पडायचं व्हय तिथं?" आक्का चहा तसाच टाकून उठली आणि बस धरून येळ्ळूरला गेली. पुढं बरेच दिवस आमचं बोलणं नव्हतं.

टिळकवाडीतल्या तिकीटवाल्यानं मला नकाशा दाखवला. बेंगळूर, सिंगापूर, मग न्यूझीलंडातलं मोठं शहर, आणि तिथून एक छोटं विमान. इन्व्हरकार्गिलच्या खाली एक बेट, आणि त्याच्या खाली फक्त समुद्र आणि बर्फ. "दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरचं गाव आहे काका," तो म्हणाला. मला कन्नड येतं, मोडकंतोडकं हिंदी येतं, इंग्रजीत मात्र मी आंधळा. पण त्याला कशाला दाखवा? "असू दे," म्हटलं, "तिकडंबी माणसंच राहत्यात."

दक्षिणेला गेलं की थंडी वाढते, हे तर माझ्या डोक्यात शिरेनाच. आमची दक्षिण म्हणजे धारवाड, हुबळी आणि त्याच्या पुढं नुसतं ऊन. मी चार सुती बनियनं आणि एक पातळ चादर काढून ठेवली होती. लेक फोनवर म्हणाली, "आप्पा, इथं जुलैत कडाक्याची थंडी असते. पाच वाजता अंधार पडतो. दारातलं गवत सकाळी पांढरं झालेलं असतं." मग मी भर पावसात खडेबाजार पालथा घातला. छत्र्या आणि रेनकोट लटकवलेल्या दुकानांत स्वेटर मागितला की दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघायचे. एक तर म्हणाला, "अण्णा, दिवाळीला या." शेवटी घरातलं जाड काळं घोंगडं मी बॅगेत कोंबलं. ते ऐकून लेक कितीतरी दिवसांनी खो खो हसली. "आप्पा, मेंढरांच्या देशात तुम्ही घोंगडं घेऊन येताय?"

तेवढंच काय ते हसणं. बाकी रोज दुपारी एकला तिचा व्हिडिओ फोन यायचा, तिकडं तेव्हा संध्याकाळ झालेली असायची, आणि मी तिच्या तोंडाकडं बघत बसायचो. "बरी आहे," ती म्हणायची. चेहरा सुजलेला दिसायचा. ती म्हणायची, दिव्याच्या उजेडामुळं तसं दिसतं. एकदा मी म्हटलं, "पाय दाखव."

"काय आप्पा, पाय कशाला?"

"दाखव म्हणतो न्हवं!"

तिनं फोन खाली वळवला. तिचे घोटे दिसतच नव्हते. पायावर मोज्याचा वळ खोल उमटला होता. व्हिसाचा पत्ता नव्हता आणि मी इथं सात समुद्र अलीकडं फोन हातात धरून बसलेलो.

मग बसून राहण्यापेक्षा शिकायला लागलो. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, बाळांना तेल लावून न्हाऊ घालतात. त्यांच्या दारात जाऊन सरळ सांगितलं, "मला शिकवा." आधी त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांच्या नातवाला न्हाऊ घालताना मला पाटावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि पोर माझ्या नडग्यांवर पालथं घातलं. मागावर तुटलेला धागा मी डोळे मिटून गाठतो, पण त्या एवढ्याशा मानेखाली हात कसा घालायचा ते काकूंना तीनदा दाखवावं लागलं. खिडक्यांतून बायका बघत होत्या. मला राग आला, लाजही वाटली, पण मी उठलो नाही. रोज गेलो. बाळंतिणीची पेज, पाठीला शेक, पोट बांधायचं कसं, सगळं विचारून घेतलं. गल्लीतले गडी मला "सुईण" म्हणायला लागले. म्हणा लेको, म्हटलं, तुमच्या बापाचं काय जातंय?

एका शुक्रवारी व्हिसा आला. पुढच्या बुधवारचं तिकीट काढलं. त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला आणि रुसवा सोडून आक्कालाही फोन केला. ती म्हणाली, "जा बाबा, जा. ऐकणारा हाईस व्हय तू?" आवाज मऊ झाला होता.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ती काही फोनची वेळ नव्हती. जावई होता. मला माग बंद करायचंही सुचलं नाही. खटखटाटात त्याचं बोलणं अर्धंच कळलं. मी ओरडलो, "काय? काय झालं?" आणि तोही रडत ओरडला, "बाळ गेलं, आप्पा. पोटातच गेलं."

"आणि ती?"

"ती आहे. वाचली."

मग मी माग बंद केला.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. आक्का येळ्ळूरहून आली, माझ्या गळ्यात पडून रडली आणि डोळे पुसून म्हणाली, "आता जाऊन काय करतोस? तिकीट परत दे. बरी झाली की पोरीलाच हिकडं आणूया." सगळ्यांचं तेच म्हणणं पडलं. जिवावरचं टळलं हेच नशीब, बाळच नाही तर बाळंतपण कसलं? खरं सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मंगळवारी दुपारपर्यंत मी तिकीटवाल्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मग एकला तिचा फोन आला. तोंड दाखवलं नाही, नुसता आवाज.

"आप्पा, नका येऊ आता. येऊन काय करणार?"

"बाळंतपण," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते कसं निघालं कुणास ठाऊक.

"कुणाचं?"

"तुझं. बाळ गेलं म्हणून तू बाळंतीण न्हाईस व्हय गं? अंग तर बाळंतिणीचंच हाय. त्याला शेक नको? ऊन ऊन खायाला नको? डोक्यावर कुणी तेल नको घालायला?"

मग ती बोलली. लेकीनं आईला सांगायची गोष्ट होती ती, बापाला नव्हे.

"आप्पा, दूध आलंय मला. थांबतच न्हाई."

तिची आई असती तर तिनं झटक्यात काहीतरी सांगितलं असतं. काकूंनी मला सगळं शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं. कोण शिकवणार? "निघतोय मी पोरी," म्हटलं. "सगळं इचारून येतो."

फोन ठेवला आणि आत गेलो. आक्का भाजी निवडत होती. आसपास भावकीतले चारपाच जण बसले होते. त्यांच्यासमोरच मी विचारलं, "आक्का, बाळ न्हाई आणि दूध आलं, तर बाईला काय करत्यात?"

गडी माणसं माना खाली घालून एकेक करून बाहेर गेली. आक्कानं हातातली जुडी खाली ठेवली आणि पदरानं तोंड पुसलं.

"दार लोटून घे," ती म्हणाली. "आणि बस हितं माझ्याम्होरं. सांगते, नीट ध्यान दे."