‘जेवलो’ म्हटलेलं न पटणाऱ्या सिस्टरबाई

अख्ख्या नागपुरात आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंइतका संशयी जीव दुसरा झाला नाही, हे मी शपथेवर सांगतो. मिशनच्या दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. ख्रिस्ती, एकट्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. लोक भिकाऱ्यावर संशय घेतात, की हा उपाशी नाही, नाटक करतो. बाईंचा संशय नेमका उलटा. कोणी ‘जेवलो’ म्हटलं की त्यांच्या भुवया वर! गरीब माणूस एवढी एकच थाप सफाईने मारतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

बाजारातून सोडायला आलेला रिक्षावाला ‘जेवून आलो’ म्हणाला, की झालीच उलटतपासणी सुरू. “काय खाल्लं?” “वरण-भात.” “हात दाखव. तो नाही, उजवा.” आणि भर रस्त्यात त्या बापड्याची बोटं हुंगायच्या! “हळदीचा वास नाही, बिडीचा येऊन राहिला. खोटं काहून बोलतं गा? चाल, बस.” तो ओशाळून ओट्यावर बसे आणि बाई त्याच्या शेजारी आपलंही ताट घेऊन बसत. कोणाला नुसतं वाढून त्या आत गेल्या, असं मी कधी पाहिलं नाही. “उभ्यानं वाढलेलं अन्न गळ्यात अडकते,” म्हणत.

दान देणाऱ्यांवर तर डबल संशय. एकदा नाताळाच्या तोंडावर एका बंगल्यातून गरिबांसाठी जुन्या शर्टांचं गाठोडं आलं. बाईंनी एकेक शर्ट उजेडात धरून पाहिला आणि गाठोडं उचलून थेट बंगल्यावर गेल्या. “बटणं कापून घेतली ना बाई तुम्ही? त्या माणसानं का पिना लावून प्रभूचा जन्म साजरा करावा?” बटणं वसूल करूनच परतल्या, चांगली डबीभर, त्यातली चार तर कोटाची.

आता अशी बाई राहते म्हटल्यावर आळी गप्प बसते होय? ‘बाटवायला बसलीय’ अशी कुजबुज चालायची. कशाला लपवू, त्यात माझाही आवाज होता. त्यांचा नाताळाचा केक मी बायकोला घरात ठेवू दिला नव्हता. एकाने त्यांना तोंडावर विचारलं, तर म्हणाल्या, “एका पोळीनं जो बाटते, तो आधी किती पक्का होता ते पाहा.”

मग आमच्यावरच वेळ आली. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची तो काळ. लकडगंजात लाकडं कापायच्या ज्या आरामशीनवर मी करवतीला धार लावायचो, तिच्या मालक भावाभावांत फाटलं आणि फाटकाला कुलूप लागलं. दुसरीकडे कोणी उभं करेना. घरात बायको आणि चार वर्षांची पोर. मी रोज सकाळी रिकामा डबा घेऊन कामावर निघाल्यासारखा निघे आणि तलावाच्या काठी बसून राही. बायको माझ्याहून वस्ताद. थेंबभर तेलात मोहरी तडतडवायची, म्हणजे शेजाऱ्यांना वाटावं, रांधणं चाललंय. पोरीला पेज, आम्हाला पाणी. उपाशी राहू, पण त्या ओट्यावर बसणार नाही, ही माझी ऐट!

चौथ्या संध्याकाळी बाई दारात. हातात कणकेची परात. “भाऊ, माझा पोळपाट मोडला. तुमच्या इथं लाटू द्या.” मला संताप आला. सकाळीच तो पोळपाट मी भिंतीपलीकडून ऐकला होता! “आमचं जेवण झालं, बाई,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बायकोला म्हणाल्या, “चार दिवसांपासून तुझी फोडणी ऐकून राहिली मी. पोळपाट एक डाव वाजला नाही, भाकर थापल्याचाही आवाज नाही. नुसती फोडणी खाता का वं?”

बायको रडायला लागली. बाईंनी आमच्या चुलीवर पोळ्या केल्या, आमच्यासोबत जमिनीवर बसल्या आणि डोळे मिटले. आता ही काहीतरी मंत्र घालणार, म्हणून मी एक डोळा उघडा ठेवला. त्या एवढंच म्हणाल्या, “देवा, आज या घरानं मले एकटीनं जेवू दिलं नाही. यांचं भलं कर.” मला लाज वाटली, रागही आला, आणि भूक तर अशी की सहा पोळ्या खाल्ल्या.

आरामशीन उघडायला दोन महिने लागले. तोवर बाईंचा पोळपाट मोडलेलाच राहिला. त्या बदल्यात आता काहीतरी मागतील, उद्या तरी मागतील, म्हणून मी टपून होतो. त्यांनी कधी काही मागितलं नाही.

पुढे म्हातारपणी त्या भाचीकडे मनीषनगरला राहायला गेल्या. एकदा भेटायला गेलो, तर पार वाळलेल्या. “बाई, नीट जेवता ना?” “जेवून राहिली ना गा मी, भरपूर.” मी निर्धास्त होऊन घरी आलो, बायकोलाही तसंच सांगितलं. पंधरा दिवसांत बाई गेल्याचा निरोप आला. भाची रडत म्हणाली, महिनाभर त्यांना घास गिळवत नव्हता, पण कोणाला कळू दिलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून काढली मी, आणि त्या ‘जेवते’ म्हणाल्या तर ते मुकाट्याने खरं मानून परत आलो.