श्रद्धांजलीचं पान

माझ्या दुसरीच्या वर्गातलं वाचनात सगळ्यात कच्चं मूल माझ्याच घरी जेवतं.

अन्वी. माझी मुलगी. टीचर स्वतःच्या लेकीला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये, म्हणून तिला मी सगळ्यांत आधी खाली बसवायचे. वर्गातलं कुठलंही मूल वाचताना अडखळलं की पुढचा शब्द मीच म्हणायचे आणि वर, "राहू दे, बस!" (गोड आवाजात. तो मी फार मेहनतीने कमावलाय.) सोमवारी वाचनपरीक्षा होती. त्यात अडखळली तर अन्वी कच्च्या मुलांच्या जादा तासाला. परीक्षा घेणार कोण? मीच!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासरे खाडीकाठच्या गावातून आमच्या एव्हरशाईन कॉम्प्लेक्समधल्या फ्लॅटवर आले होते. पेपर वाचायला बंदी. पण गेलेल्या माणसांचं पान रोज हवंच. "बघ गो पोरी, आज कोन गेला?"

रविवारी पोळ्या लाटताना हॉलमधून अन्वीचा आवाज ऐकू आला, "भावपूर्ण श्रद्धांजली. अल्पशा आजाराने दुःखद निधन..." जोडाक्षरं धडाधड! मी लाटण्यासकट धावले.

"अन्वी! परत वाच!"

ती ताडकन उभी राहिली. "सॉरी, टीचर."

घरात. टीचर!

"वाच ना, सोन्या."

"भा... भाव..." ती पेपरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. पुढचा शब्द तिथूनच पडतो, हे तिला पाठ होतं. आणि मी तो पाडला! "भावपूर्ण!"

अन्वी खाली बसली. मी सांगायच्या आधीच.

"सूनबाय, तू आत जा," सासरे म्हणाले. "तू आलीस का पोरीचा आवाज जातो. इथं एक मानूस अर्धा मेलाय, त्याला पुरता मरू दे."

आत पोळी करपली होती.

सोमवारी घसा बसल्याचं सोंग करून (परत गोड आवाजात!) मी परीक्षा डिसोजा टीचरकडे दिली आणि बाहेर उभी राहिले. खिडकीजवळच्या बाकावर मी बसवून ठेवलेली बाकीची मुलं दिसत होती. यांच्या आजोबांना कधी मोतीबिंदू होईल, एवढंच डोक्यात येत राहिलं.

डिसोजा टीचर बाहेर आल्या. "अहो, अन्वी काय सुरेख वाचते! घरी कोण शिकवतं?"

"मेलेली माणसं," मी म्हणाले. "मी अजून जिवंत आहे ना, म्हणून मला जमलं नाही."