मोठीला दम लागतोय

"मोटा मानुष, हाँपाबेइ तो." जाड माणूस, धापा टाकणारच. सॉल्ट लेकमधल्या त्या दवाखान्यात डॉक्टर हे मला नाही, कंपाउंडरला म्हणाले. बंगालीत म्हणाले, कारण आम्ही मायलेकी मराठीत बोलत होतो. आम्हाला कळणार नाही, असं त्यांनी धरलं. माझा जन्म कोलकात्याचा. मला बंगाली शिव्यासुद्धा कळतात.

फ्लू झाला होता. ताप उतरत होता, दम वाढत होता. उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी ना छाती तपासली, ना बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कम खाइए. सांस अपने आप ठीक हो जाएगी."

आई हात जोडून उभी. घाबरली की तिची हिंदी पळून जाते. "डॉक्टरसाब, मोठीला... मोठी को बहुत तकलीफ है."

कंपाउंडर खुदकन हसला. आईच मुलीला मोटी म्हणतेय, असं वाटलं त्याला.

हे हसणं माझ्या ओळखीचं. आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, ती धाकटी. आई गॅलरीतून हाक मारायची, "मोठी, वर ये गं." खालच्या पोरांना ऐकू यायचं मोटी. तेव्हा मी काटकुळी होते. नाव आधी चिकटलं, चरबी नंतर. पुढे मीच आईला बजावलं, बाहेर मला त्या नावाने हाक मारायची नाही. बसमध्ये शेजारचा उठला की का उठला ते मी ताडते. कुणी गोड बोललं तर जास्तच संशय येतो.

त्या दिवशी मात्र भीती वाटली. माझ्या ऑफिसातला, माझ्यासारखाच जाड एक जण करोनात गेला होता. तेव्हाच मी सगळं वाचून काढलं होतं. चरबीमुळे फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. विषाणूशी लढताना शरीराच्या प्रतिकारशक्तीचा तोल जातो. प्रत्येकाचंच असं होत नाही, पण आमच्यासारख्यांना धोका जास्त. म्हणजे जाड माणसाला धाप लागली तर आधी तपासायचं. इथे जाड आहे म्हणून तपासतच नव्हते.

"नेक्स्ट," डॉक्टर म्हणाले.

आईने माझा दंड धरला. "चल गं. लोक बघतायत."

मी उठले नाही. "मोटी हूँ," मी म्हटलं. मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं. "इसलिए पहले देखिए."

कटकट टळावी म्हणून त्यांनी यंत्र लावलं. आकडा पाहिला. यंत्र काढून दुसऱ्या बोटाला लावलं. मग ॲम्ब्युलन्सला स्वतःच फोन केला आणि मला एकदम मॅडम म्हणायला लागले. माफी मागितली नाही. त्या मॅडमवर माझा आजही विश्वास नाही.

हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी लावून पडून राहिले. वाचले. अजून जिना चढताना थांबावं लागतं. वजन उतरवायचं की नाही ते माझं मी बघेन. ते उतरेपर्यंत माझा श्वास कुणी उधारीवर ठेवायचा नाही.

आईला सांगून ठेवलंय, दवाखान्यात मला मोठी म्हणूनच हाक मार.

"हसतील गं."

"हसू देत. यंत्र लावल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही."