गाडीतला लाल दिवा

दुपारच्या जेवणानंतर अप्पा आरामखुर्चीत पडतात. पुस्तक छातीवर उघडंच. एक ओळ तीनदा वाचून होते, चौथ्यांदा अक्षरं हलतात आणि खुर्ची खालून थरथरू लागते. ही थरथर त्यांच्या ओळखीची आहे. बारा वर्षं ते फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर ग्रंथपाल होते.

आता ते ड्रायव्हरच्या जागेवर बसलेत. पुस्तक मांडीवर. समोर बॉनेट उघडं, त्याच्याआड ड्रायव्हर दौलत चौगुले. दौलतला जाऊन सहा वर्षं झाली हे अप्पांना माहीत आहे. पण तसं बोलून दाखवणं बरं दिसणार नाही.

"सर, बॅटरीचा लाल दिवा मधनंच लागतोय, मधनंच विझतोय," दौलत म्हणतो. "कुठंतरी तार सैल हाय. मी एकेक हलवून बगतो. दिवा लागला की सांगा. नजर काढू नगा."

"बरं," अप्पा म्हणतात. त्या दिवशीही ते असंच म्हणाले होते.

"ही?"

"नाही."

"आन् ही?"

"नाही." डोळे पुस्तकात आहेत, हे अप्पांच्या उशिरा लक्षात येतं. त्या दिवशीही होते.

"म्हंजे तारा ठीक हायत." दौलत बॉनेट लावतो. "तुमी बगितलंय म्हटल्यावर काळजी न्हाई."

घाटातलं धुकं पुस्तकांच्या फळ्यांमधून आत येतं. पुढचे दिवे एकदम जातात, गाडी कठड्याला घासते, आणि कठडा म्हणजे चौकशीचं लांब टेबल असतं. "तारा तपासल्या नाहीत. चालकाचा हलगर्जीपणा," कुणीतरी वाचून दाखवतं.

"तपासल्या, सायेब. दिव्याकडं सर बगत हुते. इचारा त्यास्नी."

सगळे अप्पांकडे वळतात. अप्पा चष्मा पुसू लागतात. "मला नीटसं आठवत नाही," ते म्हणतात. चष्मा पुसून होईपर्यंत दौलतची नोकरी गेलेली असते.

"दौलत, तू मला कधी बोलला नाहीस रे."

"काय बोलनार? तुमची मानच वर हुईना." दौलत हसतो. "गाडीभर पुस्तकं वाचलीसा सर, आन् एक दिवा बगवंना तुमास्नी."

टेबल नाही. पुन्हा बॉनेट उघडं. दौलत खिडकीतून हात घालून पुस्तक उचलतो आणि पानाचा कोपरा दुमडतो.

"दुमडू नको!" अप्पा सवयीने ओरडतात. यावरून त्यांनी दौलतला बारा वर्षं झापलं होतं.

"मग खूण कशी ऱ्हानार? वर बगा आता. ही?"

"नाही."

"ही?"

लाल ठिपका चमकतो, विझतो, पुन्हा चमकतो. अप्पा मोठ्याने ओरडतात.

"लागला! दौलत, दिवा लागला! मी तेव्हा बघितलंच नव्हतं रे!"

"अप्पा!" सून दारात उभी आहे. "भर दुपारी कसला दिवा? आणि दौलत कोण?"

अप्पा उठून बसतात. घसा खरवडल्यासारखा दुखतोय. छातीवरचं पुस्तक मिटलेलं आहे. ते उघडतात. एका पानाचा कोपरा दुमडलेला, तिरका, नखाने घट्ट दाबलेला. जन्मात त्यांनी स्वतः एकही पान दुमडलेलं नाही.

त्यांचं बोट कोपरा सरळ करायला जातं आणि तिथेच थांबतं.

"बस जरा," ते सुनेला म्हणतात. "कोण ते सांगतो. मग त्याच्या घरी फोन लावून दे मला. बायको आहे त्याची अजून."