टाक, थर्ड टाक

लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली अठरा मी गाडी चालवतेय. या अठरा वर्षांत नवरा शेजारी बसलेला असताना एकही गिअर मी माझ्या मनाने बदललेला नाही. गाडी जरा वेग घ्यायला लागली की डावीकडून हुकूम येतो, "टाक, थर्ड टाक." मी टाकेपर्यंत त्याला धीर नसतो. तो आपला हात माझ्या हातावर ठेवून दांडा स्वतःच पुढे ढकलतो आणि मला धडपडत क्लच दाबावा लागतो. एकटी शाळेत जातानाही कानात तोच आवाज असतो. मग रस्ता मोकळा असला तरी मी निमूट थर्ड टाकते आणि स्वतःवरच चिडते.

ही शिकवण सासऱ्यांची. त्यांनी जन्मभर घोटीहून नाशिकच्या मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो आणला. इंजिनाचा आवाज चढला की डिझेल जास्त जळतं, म्हणून आवाज चढायच्या आत वरचा गिअर. "इंजिन रडवायचं नाही" हे आमच्या घरात "पानात टाकायचं नाही" इतक्याच गंभीरपणे सांगितलं जातं.

टेम्पोला ते ठीक होतं. पण पंचेचाळिशी उलटल्यावर नवऱ्याला शर्यतीचं खूळ लागलं. सायखेड्याच्या रस्त्याला एका शेतकऱ्याने जुनी द्राक्षबाग काढून टाकली होती. नवी लावायला अवकाश होता, तोवर त्या रानात हौशी मंडळींनी मातीचा ट्रॅक आखला. जुने टायर, फक्कीच्या रेघा, आठ वळणं. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि फेरीची वेळ लावायची. दर रविवारी नवरा तिथे आमचीच गाडी पळवायचा, म्हणजे जिच्यातून मला सोमवारी घोटीच्या शाळेत शिकवायला जायचं असतं तीच. माझ्याकडे काम स्टॉपवॉच धरायचं.

टायरवर बसून धूळ खाण्यापलीकडे करण्यासारखं काही नसल्याने मी ऐकत बसायचे. तिथला सगळ्यात लांब सरळ पट्टासुद्धा फार तर शंभर-सव्वाशे पावलांचा. त्यावर इंजिनाचा आवाज चढला रे चढला की हा थर्ड टाकायचा. क्षणभर इंजिन गप्प, गाडी नुसती घरंगळतेय. थर्ड पडला की ते जड आवाजात घुमायचं आणि कुठे जोर धरतंय तोवर पुढचं वळण यायचं. मग ब्रेक, परत सेकंड, परत ती गप्प जागा. ज्या फेरीत सेकंड टाकायचा राहून जाई, त्या फेरीत तर वळणातून गाडी उठतच नसे. मी गणित शिकवते. वेळ कुठे सांडतोय हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं.

"अहो, सेकंडमध्येच राहू द्या ना सगळी फेरी."

"अगं, इंजिन रडतं तिथे! गिअरचा प्रश्नच नाही, हाताचा आहे. शिफ्ट फास्ट पाहिजे."

झालं. रोज सकाळी दूध आणायला म्हणून खाली जायचं आणि पार्किंगमध्ये बंद गाडीत बसून खटक-खटक सराव करायचा. दूध अर्ध्या तासाने घरी यायचं. तळमजल्यावरच्या काकूंनी मला दोनदा विचारलं, "गाडी बिघडली का गं?" तोवर बिघडली नव्हती. पुढच्या रविवारी त्याने क्लच पुरता दाबायच्या आत इतक्या जोरात दांडा ओढला की गिअरचे दात खरवडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. गाडी आठवडाभर गॅरेजला आणि मी वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन माणसं कोंबलेल्या वडापच्या जीपमध्ये. एवढं करून मिळालं काय, तर अर्धा सेकंद. मला रडावं की ओरडावं कळेना.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं की एक फेरी मला हवी. बक्षीस नको होतं. त्याच्या डोळ्यांदेखत, घड्याळ लावून, माझ्या गिअरमध्ये मारलेली एक फेरी. हरले तर पुढची वीस वर्षं ऐकावं लागणार हेही ठाऊक होतं.

संधी त्या शेतकऱ्याने दिली. बाग लावायच्या आधीचा शेवटचा रविवार होता. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, बायकांच्या गटात दोघीच हायेत. तिसरी नाय आली तर गट रद्द. तुमी बसा ना!"

मी तोंड उघडायच्या आत नवरा हसून म्हणाला, "तिला गिअरचं जमत नाही हो."

मी स्टॉपवॉच त्याच्या हातात दिलं आणि हेल्मेट घातलं.

गाडीत एकटीनेच बसायचं असा नियम होता, देवाची कृपा. फर्स्ट टाकला, सेकंड टाकला. पहिली वळणं गेली आणि लांब पट्टा आला. इंजिनाचा आवाज चढत गेला आणि माझा डावा हात आपसूक दांड्यावर जाऊन बसला. मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती, की आता आत काहीतरी फुटेल आणि उद्या परत जीप. मी हात उचलून स्टिअरिंगवर आणला. इंजिन किंचाळत होतं, पण गाडी एकदाही गप्प झाली नाही. टायरांपाशी नवरा दोन्ही हात हलवत होता. त्याचं तोंड कशासाठी उघडतंय ते मला दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

त्याच्या सगळ्यात चांगल्या फेरीपेक्षा माझी फेरी पावणेदोन सेकंदांनी कमी भरली. गटात मी दुसरी आले. नवऱ्याने स्टॉपवॉच हलवून पाहिलं, मग शेजारच्याचं पाहिलं. आणि चहाच्या टेबलापाशी चार माणसं जमल्यावर सांगू लागला, "मीच म्हटलं होतं तिला, सेकंडमध्येच ठेव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तसाच ठेवून मी गाडीत जाऊन बसले, चालवायच्या जागी. तो आला, किल्ली न मागता डावीकडे बसला.

डांबरी रस्त्याला लागलो. सेकंडमध्ये इंजिनाचा आवाज चढायला लागला. त्याचा हात मांडीवरून उठला, दांड्याच्या अलीकडे थांबला आणि काच खाली करायला गेला.

"रडतंय," तो हळूच म्हणाला.

"रडू दे."

बरंच पुढे गेल्यावर, मला वाटलं तेव्हा, मी थर्ड टाकला. तो समोर बघत होता. मग घसा खाकरून म्हणाला, "फोर्थ टाकतेस?"

अठरा वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हणाले, "नाही."