मोडके संदेश पाठवणाऱ्या विजयाताई

विजयाताई साळवे गेल्या हे मला त्यांच्या धाकट्या बहिणीनं, मंदानं, फोनवर सांगितलं. सकाळी अकराची वेळ, मी गॅसची टाकी बदलत होतो. फोन खांद्यात धरून "हं, बोल गं" म्हणालो आणि मग टाकी अर्धवट जोडलेली सोडून तिथंच जमिनीवर बसलो. त्याला आता दीड महिना झाला. श्रीरामपुरात शोकसभा झाली, तिथं एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन सांगितलं, मॅडम स्वभावानं अतिशय शांत होत्या, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही… साफ खोटं! विजयाताई आणि शांत? अहो, त्या बाईंनी माझं रक्त आटवलं होतं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा आमच्याबरोबर काम केलेल्या एका मित्रानं प्रेमानं सल्ला दिला, "चांगलं चांगलं लिही. त्या दुपारचं मध्ये आणू नकोस. गेलेल्या माणसाच्या लेखात कशाला ते?" अरे बाबा, त्या दुपारचंच तर लिहायचंय. मी तेव्हा बोललो नाही, म्हणून तर आज लिहायला बसलोय.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. केडगावात, पुणे रस्त्यालगत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे चार कॉम्प्युटर, एक घरघरणारा कूलर, आम्ही चौघं आणि आमचे मालक, ज्यांना सगळे 'सर' म्हणायचे. आम्हाला एका साखर कारखान्याचं काम मिळालं होतं. उसाची गाडी गेटवर आली की तिथल्या कॉम्प्युटरनं आतल्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरला कळवायचं की अमुक नंबरची गाडी, अमुक गावची, रांगेत घ्या. हे निरोप इकडून तिकडं पोचवणारा जो भाग असतो, ज्याला आम्ही लायब्ररी म्हणतो, तो मी लिहिला होता. एकट्यानं. वय पंचवीस, डोक्यात हवा. माझ्या लायब्ररीत चूक सापडेल असं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो. विजयाताईंना ती तपासायला दिली तेव्हा मी खरोखरच हसलो होतो.

त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायचे, घर बौद्ध, आणि शिकलं पाहिजे यापुढं त्या घरात कुणाचं काही चालायचं नाही. ताईंनी बी.एस्सी. पहिल्या वर्गात केलं होतं. केडगावात एक खोली घेऊन राहायच्या, शनिवारी एसटीनं श्रीरामपूरला जायच्या. पहिला आठवडा त्यांनी नुसता माझा कोड वाचला. मग शेल स्क्रिप्ट लिहायला घेतल्या, म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. माझ्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला पुढं किती अक्षरं येणार तो आकडा असायचा. ताईंची पहिली स्क्रिप्ट चाळीस अक्षरं येणार म्हणून सांगायची आणि बाराच पाठवायची. दुसरी बारा सांगून चाळीस पाठवायची. तिसरी आकड्याच्या जागी अक्षर टाकायची. चौथी तर कहरच होती, एका धड संदेशाचे तुकडे करायची… आधी एकच अक्षर, मग दोन, मग तीन, असं शेवटपर्यंत. प्रत्येक मोडक्या संदेशानंतर एक साधा सरळ संदेश जायचा, त्याला उत्तर आलं तर पडद्यावर 'जिवंत', नाही आलं तर 'मेला'. एका सकाळी माझ्या टेबलावर हातभर लांब छापील कागद पडला होता. मेला, मेला, मेला, मेला, मध्येच एक जिवंत, पुन्हा मेला.

"ताई, असले संदेश पाठवणार कोण?" मी भडकलो. "दोन्ही बाजूंचा प्रोग्राम मीच लिहिलाय. मी कशाला माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

"तू नाही रे मारणार," त्या म्हणाल्या. "चल, तुला दाखवते कोण मारतंय."

माझ्याच स्कूटरवर मागं बसून त्या मला कारखान्यात घेऊन गेल्या. गेटवर पोपटराव नावाचे कर्मचारी बसत, पन्नाशीचे, अतिशय इमानी माणूस. कारखान्यातल्या फोनच्या तारेवरच आमचा संदेश जायचा आणि त्याच तारेवर पोपटरावांचा फोनही होता. त्यांनी एका बोटानं गाडीचा नंबर टाइप केला, बटण दाबलं, आणि लगेच फोन उचलून काट्यावरच्या माणसाला ओरडून विचारलं, "पोचला का रं?" झालं! फोन उचलताच तारेत खरखर, आणि संदेश मधूनच तुटला. माझी लायब्ररी उरलेली अक्षरं येतील म्हणून डोळे लावून बसली, ती बसलीच. पलीकडचा पडदा गोठला. मी म्हणालो, "पोपटराव, फोन कशाला उचलता? मशीन पोचवतंय की." ते माझ्याकडं असं बघत राहिले, जणू मीच वेडा. "सायेब, धाडलं ते पोचलं का न्हाई, हे इचाराया नको व्हय? आमच्यात अशी पद्धत न्हाई." ताईंनी वहीत लिहून घेतलं आणि त्या स्क्रिप्टला नाव दिलं 'पोपट'. त्यांच्या सगळ्या स्क्रिप्टना अशी माणसांची नावं असायची, ज्याच्या हातून जे मोडलं त्याचं. कुणाला कमीपणा आणायला नाही हं. माणसं अशीच वागणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

मला पटलं. परतीच्या वाटेवरच मी कबूल केलं की मुळापासून बदलायला हवं, महिना तरी लागेल. आणि सरांनी तर मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप सुरू करायच्या, कार्यक्रमाची तारीख देऊन टाकली होती. तपासणीच्या कागदावर दोन सह्या लागायच्या, बनवणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. त्या दुपारी सरांनी आम्हा सगळ्यांसमोर तो कागद ताईंपुढं सरकवला. त्या म्हणाल्या, "सर, मी सही करणार नाही. हंगाम सुरू झाल्यावर पडदा गोठला तर गाड्या उन्हात रांगेत उभ्या राहतील, बैल तहानले राहतील." सर म्हणाले, ऑपरेटरला सांगू, फोन उचलू नको म्हणून. "सांगून बघा," ताई म्हणाल्या. मग सरांचा पारा चढला आणि ते म्हणाले, "सवलतीवर वर आलेल्या माणसांना घडवण्यातलं काय कळणार? तुम्हाला फक्त मोडता येतं."

ताई उभ्या राहिल्या. आवाज जराही चढला नाही, पण प्रत्येक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा आला. "सर, माझी डिग्री माझ्या मार्कांची आहे आणि ही चूक तुमच्या मालातली आहे. दोन्हीचे कागद माझ्याकडं आहेत. कुठला आधी बघता?" मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चूक खरी आहे हे त्या खोलीत ताईंइतकं मलाच माहीत होतं. आणि मी काय केलं? मी प्रिंटरमधला कागद सरळ करत बसलो. तो सरळच होता.

कार्यक्रमाच्या दिवशी ताईंना येऊ नका म्हणून बजावलं होतं. त्या एसटीनं आल्या आणि पोपटरावांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. कारखान्याचे अध्यक्ष, संचालक, हारतुरे, पेढे, सगळा थाट. हार घातलेली पहिली बैलगाडी गेटवर आली. पोपटरावांनी नंबर टाकला, बटण दाबलं… आणि हात फोनकडं गेला. "अहो, फोन ठेवा!" सर ओरडले, पण तोवर "पोचला का रं?" होऊन गेलं होतं. पडदा गोठला. सरांनी घाम पुसत सांगितलं, ऑपरेटरची चूक झाली. पोपटराव कानकोंडे झाले, त्यांनी डोक्यावरची टोपीच काढून हातात घेतली. तेव्हा ताई पुढं आल्या. "चूक यांची नाही. आम्हाला ही चूक आधीपासून माहीत आहे, मी लिहून दिलेली आहे," म्हणत त्यांनी पिशवीतून त्या चुकांचा कागद काढून सरळ अध्यक्षांच्या हातात दिला. शोकसभेतले ते गृहस्थ तिथं हवे होते. मग बोलले असते 'शांत'!

दुसऱ्या दिवशी ताईंची नोकरी गेली. कारखान्यानं चिठ्ठ्यांवर काम चालू ठेवलं आणि आम्हाला मुदत दिली. ताई निघताना मला एक फ्लॉपी देऊन गेल्या, त्यात सगळ्या स्क्रिप्ट होत्या. एक नवीही होती, 'सुधीर' नावाची. सुधीर म्हणजे मी. ती स्क्रिप्ट जोडणी करायची आणि गप्प बसायची. ना निरोप द्यायची, ना जागा सोडायची. माझी लायब्ररी तिच्यासाठी दार उघडं ठेवून खोळंबून राहायची. ती दुरुस्त करायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

पुढं सगळ्या ओळींवर 'जिवंत' आलं तेव्हा सरांनी तपासणाऱ्याच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी सही घेऊन कागद पाठवला. पण गेटवर पोपटराव हटून बसले. "त्या ताईंची सई हाय का ह्याच्यावर? न्हाई ना? मग मी बटनाला हात लावनार न्हाई." अध्यक्षांनीही मान डोलावली. झक मारत सरांनी मला श्रीरामपूरला पाठवलं. ताईंनी मला चहा दिला, माझ्या शब्दावर काडीचा विश्वास ठेवला नाही, नव्या नोकरीच्या कॉम्प्युटर क्लासात बसून दिवसभर एकेक स्क्रिप्ट स्वतः चालवली आणि मगच सही केली. त्या दिवशीसुद्धा मी त्या दुपारबद्दल अवाक्षर काढलं नाही. नंतर इतकी वर्षं आमचं येणंजाणं होतं, माझ्या लग्नाला त्या आल्या, त्यांच्या विद्यार्थ्यांना मी नोकऱ्या लावल्या. तरीही नाही.

शेवटी काढलं ते दवाखान्यात. त्या खूप वाळल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." मला वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे रे, किती जुनं झालं ते.

"हो, हवं होतं," त्या म्हणाल्या. एवढंच. मग माझ्याकडं कूस वळवून, "मला सांगून काय उपयोग? मला ते माहीतच होतं. चार लोक वाचतील असं लिही कुठंतरी."

तर लिहितो. त्या दुपारी विजया साळवे यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. चूक माझ्या लायब्ररीत होती आणि ती मला माहीत होती. सर जे बोलले ते जातीवरून बोलले, ते हलकट होतं, आणि मी तिथं मूग गिळून ऐकून घेतलं. कुणाला हे खटकलं तर खुशाल खटकू दे, मी एक शब्द मागं घेणार नाही. हे मी, सुधीर, पूर्ण शुद्धीत लिहून देत आहे.