नवं गणित

माझ्या पीएचडीच्या गणितात बिंदू असतात आणि त्यांना जोडणारे बाण. कॉम्प्युटरच्या टर्मिनलवर कमांड देऊन एक बिंदू निवडला, की त्याच्या आसपासचे बाण बदलतात. लगेच त्याच बिंदूवर पुन्हा कमांड दिली, की चित्र जसंच्या तसं. हे पहिल्याच तासाला शिकवतात. तरी लांबलचक खटाटोपानंतर मूळ चित्र परत आलं, तेव्हा शोध लागला म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. बाबा काशीत पुरोहित, त्यांनी लगेच इथल्या संकठामातेच्या देवळात पेढे चढवले. मग गाईडनी दाखवलं: ज्या बिंदूंवरून गेले, त्याच बिंदूंवरून मी उलट्या क्रमानं परत आले होते. डोंबलाचा शोध! घरी पोचले, तर बाबा महाराष्ट्रातून काशीला आलेल्या यजमानांना सांगत होते, “आमच्या मुलीनं नवं गणित काढलंय.” एका म्हाताऱ्या बाईंनी मला हात जोडले. मी तोंड उघडलं, ते फक्त प्रसादाचा पेढा घ्यायला.